हे काढू नका, कारण आहे

ज्ञान सर्वांचं असतं, त्यावर कोणा एकाची मालकी नसते, या तत्त्वावर ग्रंथपालाची अढळ श्रद्धा होती. म्हणूनच नव्या पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापणारा आपला प्रोग्राम त्याने बारा वर्षांपूर्वी इंटरनेटवर जगाला खुला करून टाकला होता. कोणीही घ्यावा, वाचावा, सुधारावा. आजवर कोणी सुधारायला आलं नव्हतं, त्यामुळे श्रद्धा अगदी कोरी करकरीत राहिली होती.

मग एक औषधवाली आली. दूर कुठेतरी तिचं औषधांचं दुकान होतं आणि बाटल्यांची लेबलं छापायला नेमका ग्रंथपालाच्या वाचनालयात होता तसलाच जुना प्रिंटर. तिने प्रोग्राममधली एकच ओळ खोडून पाठवली. प्रत्येक लेबलाआधी प्रोग्राम दोन सेकंद थांबायचा, ती ओळ.

'सर, माझ्याकडे दिवसाला तीनशे बाटल्या असतात. गिऱ्हाईकं खोळंबतात. हे थांबणं कशासाठी?'

उत्तर त्या ओळीच्या डोक्यावरच ग्रंथपालाने स्वतः लिहून ठेवलं होतं: 'हे काढू नका. कारण आहे.'

अडचण एवढीच, की ते कारण त्याला आठवत नव्हतं. त्याने कळवलं, 'विचाराधीन.' तीन आठवड्यांनी कळवलं, 'सखोल विचाराधीन.'

'सर'चं 'अहो' झालं. 'अहो, एक ओळ मागतेय, तुमची मुलगी नाही!' यावर त्याने स्थैर्य आणि परंपरा या विषयावर चाळीस ओळी लिहिल्या. भांडण इंटरनेटवर, सगळ्यांना दिसेल असं उघड्यावर चालू होतं, त्यामुळे त्याची बायको सकाळच्या चहाबरोबर ते वाचायची.

"तुला आठवत नाहीये ना?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"म्हणजे नाहीच आठवत."

पाचव्या महिन्यात औषधवालीने जाहीर केलं, 'मी वेगळी चूल मांडते.' खुल्या प्रोग्रामांच्या धंद्यात ते चालतं. प्रोग्रामची नक्कल घ्यायची, नवं नाव द्यायचं, आपला संसार आपण बघायचा. ग्रंथपाल म्हणाला, ब्याद गेली. पण दुसऱ्या दिवशी निरोप नाही, तिसऱ्या दिवशी नाही, आणि पाहुणे गेल्यावर घर खायला उठावं तसं त्याला झालं. त्याच्या एकोणीसशे ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं माणूस बारा वर्षांत एकच भेटलं होतं. मध्येच एकदा तिने लिहिलं होतं, 'हा तुकडा मात्र झकास जमलाय हं.' तो तुकडा त्याने नंतर तीनदा वाचला होता.

शनिवारी वाचनालयात कोणी नाही असं बघून त्याने तिची नक्कल चोरून उतरवून घेतली आणि बटण दाबलं. लेबल सुसाट निघालं, प्रिंटरचं झाकण टपकन उघडलं आणि लेबल रुळाला जाऊन गुंडाळलं. त्याचा डावा हात झाकण दाबायला निघाला होता, पण वाटेतच राहिला होता. दोन सेकंद उशीर.

ग्रंथपाल त्या हाताकडे बघत राहिला. झाकणाचा खटका पहिल्याच वर्षी तुटला होता. दुरुस्त होईपर्यंत हाताने दाबू, असं ठरलं होतं, आणि हात पोचावा म्हणून ते दोन सेकंद.

"आता हे जगासमोर कबूल करायचं?" त्याने घरी विचारलं.

"कर की. तुझं जग म्हणजे ती एकटीच," बायको म्हणाली.

त्याने लिहिलं, 'कारण सापडलं. माझ्या झाकणाचा खटका मोडलाय. मी हाताने दाबतो.'

मिनिटात उत्तर आलं. 'बारा वर्षं?'

'तात्पुरतं होतं.'

'धन्य आहे! पत्ता पाठवा. माझ्या अडगळीत एक मेलेला प्रिंटर आहे, त्याचा खटका शाबूत आहे.'

आठव्या दिवशी पाकीट आलं. खटका बसला, झाकण मिटलं. ती ओळ ग्रंथपालाने स्वतःच्या हाताने काढली, श्रेय तिच्या नावावर मांडलं आणि तिनेही आपली चूल मोडून सामान परत आणलं. आता प्रोग्रामवर दोघांची नावं आहेत आणि लेबलं न थांबता निघतात.

त्या वर्षी वाचनालयात चौदा नवी पुस्तकं आली. ग्रंथपालाचे एकूण अठ्ठावीस सेकंद वाचले.