लाल गाठ दाराकडची

दूध तापवायच्या पातेल्यात पिस्टन उकळणाऱ्या माणसाला काय म्हणावं, हे मालकीणबाई सकाळपासून थोरल्या लेकीला विचारत होत्या. थोरलीने इस्त्रीवरची नजर न काढता उत्तर दिलं, "धाकटा म्हणावं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. पातेलं घेतलं ते घेतलं, वर मलाच शिकवतो. म्हणे, आई, पिस्टन गरम केला की जरासा फुगतो, मग त्यातली पिन अलगद आत सरकते. सरकली ना अलगद? आता माझ्या दुधाला ग्रीसचा वास येतोय, तो कुठे सरकवू?"

"पातेलं घासलंय त्याने."

"अर्धं घासलंय! बाहेरून लख्ख आणि आत काळं. ह्याचं सगळं असंच. खिडकीला रंग दिला तो अर्धा. कपाटाची फळी ठोकली ती एका बाजूने. अर्धवट कुठला."

अर्धवट हा शब्द मालकीणबाईंनी धाकट्याला कधी चिकटवला हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण तो चांगला घट्ट बसला होता. आणि त्यांचा शब्द एकदा तोंडातून गेला की गेला. तो परत घ्यायची रीत त्यांच्याकडे नव्हती. शाळा दुसरीतच सुटली होती, पण धुलाईचं दुकान त्यांनी नुसत्या शब्दावर उभं केलं होतं. संध्याकाळी देते म्हटलेला कपडा संध्याकाळी मिळायचा, मग आभाळ फाटो नाहीतर बॉयलर.

आता गोची अशी झाली होती की आणखी एक शब्द त्या देऊन बसल्या होत्या.

दुकानामागच्या शेडमध्ये बगळी उभी होती. बगळी म्हणजे धुलाईची जुनी व्हॅन. पांढरी शुभ्र, उंच, पुढून जरा चोच काढल्यासारखी, म्हणून मालकांनी हे नाव ठेवलं होतं. मालक गेले त्या साली ती शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. दुकान आता थोरली सांभाळत होती आणि तिला कपडे वाळवायचं मोठं मशीन आणायचं होतं. मशीनला जागा एकच, शेडची. धाकटा म्हणाला, मी बगळीचं इंजिन नव्याने बांधतो, गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर काढतो आणि घरोघरी कपडे पुन्हा तिच्यातूनच पोचवतो. थोरली म्हणाली, तू काही पुरं केलंस तर मी हे दुकान तुझ्या नावावर करीन. दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हा मालकीणबाईंनी निकाल दिला होता. "भंगारवाला येईल त्या सकाळपर्यंत चालू झाली तर राहील. नाही झाली तर तो ओढून नेईल. माझा शब्द आहे."

ती सकाळ आज होती.

शेडमध्ये मालकीणबाई एकदाही फिरकल्या नव्हत्या. "ती माझ्या दारी येईल तेव्हा बघेन," असं त्यांनी मालक गेल्यावर म्हटलं होतं, तोही एक शब्दच. पण भिंत पातळ होती, कान शाबूत होते. इतके महिने इस्त्रीचे कपडे मोजता मोजता त्यांनी सगळं ऐकलं होतं. नट सुटला नाही की धाकट्याच्या शिव्या, सुटला की शीळ. व्हॉल्व्ह घासायचा तो घरघरता आवाज, जात्यासारखा. कधी तो इंजिनाशी बोलायचा, "थांब गं, थांब, दुखणार नाही." मालकीणबाई तेव्हा उगीचच नळ बंद करायच्या, पुढचं ऐकू यावं म्हणून.

आता भिंतीपलीकडे स्टार्टर फिरला. कुईं कुईं कुईं, आणि एकदम फाट्! कार्बुरेटरमधून कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा आवाज. मग मागे सायलेन्सरमध्ये बार. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"झालं," थोरली म्हणाली. "उडवतोय आपल्याला."

पुन्हा कुईं कुईं. पुन्हा फाट्. दर खेपेला स्टार्टरचा आवाज जरा जास्त दमलेला. तेवढ्यात फाटकाशी भंगारवाल्याचा ट्रक येऊन थांबला. तो उतरला, साखळी खांद्यावर टाकली आणि अदबीने म्हणाला, "मावशी, नेऊ ना?"

मालकीणबाईंनी एकदा साखळीकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, घाई काय आहे? सकाळ अजून संपलीय का? बसा, चहा घ्या. ए, ह्यांना चहा दे. दुसऱ्या पातेल्यात कर."

आणि हात पुसून त्या सरळ शेडकडे निघाल्या. थोरली बघतच राहिली.

"आई, तू तर म्हणाली होतीस की ती दारी आल्याशिवाय..."

"मी बगळी बघायला नाही चालले. पोराच्या कानाखाली द्यायला चालले."

शेडमध्ये धाकटा मागच्या उघड्या सरकत्या दारात बसला होता. कोपरापर्यंत काळा, आणि डोळे लाल. गाडी मात्र त्याने अशी घासली होती की मालकीणबाईंचा पाय क्षणभर अडखळला. दारावरची धुलाईच्या नावाची निळी अक्षरंसुद्धा त्याने पुन्हा काढली होती. पुरी काढली होती, शेवटच्या वेलांटीपर्यंत.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे," तो वर न बघता म्हणाला. "सगळं पुस्तकाबरहुकूम बसवलंय. डिस्ट्रिब्युटर खुणेवर आहे. तरी उलटी बोंबलतेय. नेऊ दे तिला, आई. तू म्हणतेस तेच खरं. अर्धवट."

स्वतःचा शब्द पोराच्या तोंडून ऐकला आणि तो मालकीणबाईंना बिलकूल आवडला नाही.

"सरक," त्या म्हणाल्या आणि दारातून आत वाकल्या. पुढच्या सीटांच्या मधलं झाकण काढलेलं होतं, खाली इंजिन. डिस्ट्रिब्युटर चारी प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो, त्याच्या टोपीतून चार वायर चारी प्लगकडे गेल्या होत्या. आणि प्रत्येक वायरच्या टोकाशी दोऱ्याची एकेक गाठ. लाल, पिवळी, निळी, हिरवी.

मालकीणबाईंनी बोट लावून बघितलं. गाठी त्यांच्याच होत्या. दोन वेढे आणि एक फास, दुकानातल्या प्रत्येक कपड्याला घालायच्या तीच. पहिल्या गाठोड्याला लाल, दुसऱ्याला पिवळी, मग निळी, मग हिरवी. वायर काढल्यावर घोटाळा होतो म्हणून मालकांनी त्यांना एकदा गाडीत बसवून बांधून घेतल्या होत्या.

"ही लाल तिकडे पुढे कशाला नेलीस?"

"एक नंबर आहे ना ती. लाल म्हणजे पहिला. तूच शिकवलंस की! तुझ्या गाठींच्या वायर मी टोपीतून काढल्यासुद्धा नाहीत, फक्त प्लगवरून काढल्या. सगळं इंजिन खोललं, पण गाठींना हात लावला नाही."

"पहिला कुठून पहिला?"

"पुढून. गाडीचा पहिला सिलिंडर पुढचा. सगळ्या जगात."

"सगळ्या जगात असेल. आपल्या दुकानात मोजणी कुठून असते?"

धाकट्याने मान वर केली. रॅकवरची गाठोडी तो लहानपणापासून लावत आला होता. लाल दाराशी, कारण ते आधी बाहेर पडणार.

"दारापासून," तो हळूच म्हणाला.

"मी ह्या मागच्या दारातून आत आले होते. माझ्या हाताशी जो आला तो पहिला. तुझे बाबा हसले होते तेव्हा. म्हणाले, उलटं बांधलंस. मी म्हटलं, मग सोडते. तर म्हणाले, राहू दे, माझ्या गाडीत तुझी मोजणी." त्यांनी नाक ओढलं. "मला वाटलं, मागाहून सरळ करून घेतलं असेल. एका मिनिटाचं तर काम. नाही केलं वाटतं. जन्मभर दारापासूनच मोजत राहिला तो माणूस."

धाकट्याने आईकडे बघितलं, मग गाठींकडे. मग एकदम उठला आणि वायर ओढायला लागला. लाल मागे, हिरवी पुढे, मधल्या दोघींची अदलाबदल. बोटं अचूक जात होती. थोरली चहाचा कप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे भंगारवाला मान लांब करून.

"बॅटरी एखाद्या खेपेपुरतीच असेल," धाकटा म्हणाला.

"मग एकाच खेपेत लाव," थोरली म्हणाली. आवाजात टोमणा मारायचा तिचा बेत असावा, पण तो जमला नाही.

धाकट्याने किल्ली फिरवली. कुईं. कुई. मग आवाज जवळजवळ बसला, मालकीणबाईंनी डोळे मिटले, आणि बगळीने घसा खाकरला. एकदा खाकरली, दोनदा शिंकली आणि लागली चालायला. आधी लंगडत, मग एका लयीत, धुलाईच्या जुन्या यंत्रासारखी. भिंतीवर टांगलेले नट-बोल्टचे पाने किणकिणायला लागले. मालकीणबाईंनी तळवा दारावर टेकवला. थरथर कोपरापर्यंत आली, ओळखीची.

भंगारवाल्याने साखळी खांद्यावरून खाली उतरवली. "मावशी, ही तर माझ्या ट्रकपेक्षा बरी चालते. मी निघतो." आणि थोरलीच्या हातातला चहा घेऊन तिथेच उभ्याने संपवला.

धाकट्याने पहिला गिअर टाकला. बगळी शेडमधून बाहेर आली, अंगण ओलांडून दुकानाच्या दाराशी, उंबऱ्याला टेकेल इतकी जवळ येऊन थांबली. तो काच खाली करून बघत राहिला. काळ्या तोंडात नुसते दात दिसत होते.

मालकीणबाई मागून सावकाश चालत आल्या. गाडीला एक फेरी मारली. चाकं बघितली, अक्षरं बघितली, मागचं दार सरकवून बघितलं.

"काय मग?" त्याने विचारलं. "बोल ना."

"करकरतंय हे दार," त्या म्हणाल्या. "बाकी इंजिन पास. पोरगाही पास, पुरा पास, अर्धा नाही. आणि हे तुझ्या बहिणीसमोर बोललेय, म्हणजे आता मागे घेता येणार नाही. पातेलं तेवढं नापास. चल, नवं आणायला जाऊ. आणि ते सीटवरचं सामान मागे टाक, पुढे मी बसणार आहे."