पालकांसोबतच आत

आमची लायब्ररी म्हणजे एकच खोली, आणि मी तिथली एकटी ग्रंथपाल. राज्यानं कायदा केला, की मुलांना घातक पुस्तकं मोठ्यांच्या वेगळ्या दालनात ठेवा, नाहीतर पालक खटला भरतील. वेगळं दालन आणायचं कुठून? मग लायब्ररीच्या समितीनं डोकं चालवलं: अख्खी लायब्ररीच मोठ्यांची! अठरा वर्षांखालचं पोर आईबापाशिवाय आत नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं मी सभेत तोंडावर म्हटलं. ऐकतंय कोण!

बटाटे काढणीची सुट्टी होती, शाळा बंद. ब्रिन्ली पायरीवर येऊन थांबली. तेरा वर्षांची पोर, एरवी तोंडाळ. आज नखं कुरतडत होती.

"ओल्सनबाई, ते पुस्तक आहे का अजून? घरातलाच कुणी अंगाला हात लावत असेल तर काय करायचं, ते सांगणारं?"

पुस्तक होतं. ज्याच्यावरून गावात बोंबाबोंब झाली होती, तेच.

"कुणासाठी गं?"

"मैत्रिणीसाठी."

"आत ये. खड्ड्यात गेला तो नियम."

तेवढ्यात कर्टची पिकअप दाराशी थांबली. कर्ट म्हणजे तिच्या आईचा दुसरा नवरा. आई दिवसभर बटाट्याच्या कारखान्यात. ब्रिन्लीचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मैत्रीण कोण ते मला कळलं.

"पालक हवा ना? हा बघा आलो," तो हसत म्हणाला आणि तिच्या मानेवर हात ठेवून तिला आत घेऊन आला. "काय हवंय गं? सांग की बाईंना."

"घोड्यांचं," ती पुटपुटली.

"द्या, घोड्यांचं द्या. नियमात बसतंय ना?"

अगदी चोख बसत होतं, त्याचाच संताप आला मला. कुंपणच शेत खातंय, आणि आम्ही कुंपणाचीच परवानगी मागतोय!

मी टेबलामागून बाहेर आले, दोघांच्या मध्ये घुसून उभी राहिले आणि फोन उचलला. "ब्रिन्ली आज तुमच्याबरोबर घरी येणार नाही. शेरीफच्या पोलिसांना बोलावतेय मी."

"कोणत्या कायद्यानं?"

त्या घडीला मला एकही कायदा आठवेना. नंबर चुकला, परत लावला. पण पोरीनं मागून माझ्या स्वेटरची बाही मुठीत धरली होती. कर्ट "चल" म्हणाला, पुन्हा म्हणाला, मग ओरडून म्हणाला. तिनं बाही सोडली नाही.