प्रार्थनेचा विषय

वनमालाबाईंनी चूक केली ती हात जोडून, डोळे मिटून. म्हणून तर ती चूक आहे असं त्यांना वाटलंच नाही.

इकडे हिंदी मुलुखात, आमच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यात, दर गुरुवारी दुपारी नऊ-दहा मराठी ख्रिस्ती बायकांची प्रार्थनासभा भरते. आधी प्रत्येकीनं आपला विषय सांगायचा, मग सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची, असा रिवाज. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातवाची परीक्षा. त्या गुरुवारी वनमालाबाईंकडे स्वतःचं काही नव्हतं, मग त्यांनी दुसऱ्याचं उचललं. विजयाबाईंच्या हेमेंद्रला आपण नशामुक्ती केंद्रातून बाहेर पडताना दोनदा पाहिलं, पोरगं वाया चाललंय, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्यांनी कळवळून सांगितलं. विजयाबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. बायका हळहळल्या आणि अगदी मनापासून प्रार्थना झाली. यात वाईट ते काय, असं तुम्हीही म्हणाल!

पुढच्या मंगळवारी विजयाबाई वनमालाबाईंच्या दारात उभ्या. चेहरा पार उतरलेला. नवरा गेल्यावर शिवणकाम करून त्यांनी हेमेंद्रला शिकवलं होतं, आणि आता कुठे त्याला एका शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली होती. येत्या सोमवारी तो रुजू व्हायचा होता. पण तो व्यसनी आहे असं कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं, आणि शाळेनं त्याला थांबवलं. शुक्रवारी काय तो निर्णय होणार होता.

"त्यानं कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही गं," विजयाबाई म्हणाल्या. "तिथं माझा भाऊ भरती आहे, त्याला डबा द्यायला जातो. भावाच्या मुलीचं लग्न ठरतंय म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही. तू आपली, म्हणून सांगते. माझ्या लेकरासाठी प्रार्थना कर."

वनमालाबाईंनी तिथंच प्रार्थना केली. खरं काय ते तेव्हाही त्यांच्यानं सांगवलं नाही.

मग सुरू झाला घोर. सभेतल्या एकीची सून त्याच शाळेच्या ऑफिसात आहे, हे त्यांना आता आठवलं. फोन वाजला की आधी कुणाचा ते बघायच्या. कुणी आपलं नाव घेतलं असेल का? विजयाला कळलं तर? बुधवारी भाजी करपली, तरी वास आला नाही. शेवटी सवारीच्या टेंपोत बसून त्या खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात लीलाताईंकडे गेल्या. लीलाताई सभेतल्या सगळ्यात वडील, निवृत्त नर्स, आणि बोलायला रोखठोक. हेमेंद्र निर्व्यसनी आहे आणि तरी त्याची नोकरी अडलीय, एवढं वनमालाबाईंनी त्यांना सांगितलं.

"ताई, मी काही चहाडी केली नाही. देवापुढेच मांडलं ना?" वनमालाबाई म्हणाल्या.

"देवाला ठाऊक नव्हतं, म्हणून आम्हांला सांगितलंस?"

"पण पाहिलं होतं मी."

"पाहिलंस ते दार. बाकीचं तू जोडलंस. आणि समज, खरं असतं, तरी ते चारचौघींत मांडायची परवानगी कुणी दिली होती तुला? छत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली. कोण कशानं पडलंय, ते नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नाही. उगाच बोललेल्या शब्दाचाही जाब द्यावा लागेल, हे प्रभूनं आपल्याला बजावलंय. आपण समजतो, ते शिव्या देणाऱ्यांसाठी आहे. नाही गं! ज्या तोंडानं त्याची स्तुती करायची, त्याच तोंडानं त्याच्या लेकराची भाकरी काढून घ्यायची, हे कसं चालेल? मी पण चूकच केली. तुला तिथंच थांबवायला हवं होतं."

वनमालाबाई रडल्या. आता प्रार्थना करू का, म्हणाल्या. कर, पण आधी विजयाकडे जा आणि मग शाळेत, असं लीलाताईंनी सांगितलं.

गुरुवारी सकाळी त्या विजयाबाईंकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. विजयाबाई उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. वनमालाबाई तशाच शाळेत पोचल्या. ही बातमी माझ्या तोंडून निघाली, मी नुसता अंदाज केला होता, मुलगा निर्व्यसनी आहे, असं त्यांनी प्राचार्यांना हात जोडून सांगितलं.

"तो फिर वो वहाँ जाता क्यों था?" प्राचार्यांनी विचारलं.

उत्तर अगदी ओठांवर होतं. मामाचं नाव घेतलं की मुलगा तिथल्या तिथे सुटला असता! पण त्या मामाच्या घरीही एक लेक होती. वनमालाबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"सर, ते हेमेंद्रलाच विचारा," त्या म्हणाल्या. "ते सांगायचा हक्क माझा नाही."

मग प्राचार्यांनी हेमेंद्रला फोन लावला, आणि त्यानं काय ते स्वतःच सांगितलं. सोमवारी तो रुजू झाला. विजयाबाई मात्र अजून वनमालाबाईंशी बोलत नाहीत, आणि वनमालाबाई त्यांना त्याबद्दल दोष देत नाहीत.

मंडळी, दुसऱ्याची काळजी वाटली तर सरळ त्याच्याच घरी जावं, त्यालाच विचारावं. ते धाडस नसेल, तर देवाला मनातल्या मनात सांगावं. त्याला तेवढं ऐकू येतं.