मी ओरडलो ते नाव

मित्रांनो, मी ग्रामपंचायतीच्या छपरावरचा एक जुना भोंगा आहे. तोंड मोठं आणि पोट रिकामं! मला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही, दुसऱ्याचं बोलणं मात्र मी पार तळ्यापर्यंत पोहोचवतो. तरी आज मला माझं सांगायचं आहे, कारण दसऱ्यापासून माझ्या जिवाला चैन नाही.

नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात पत्र्यापासून मी घडलो. वीस वर्षांपूर्वी रेल्वेने सालेकस्याला उतरलो आणि बैलगाडीतून या गावात आलो. पोलिओचा डोस, तेंदूपत्त्याची तोडाई, ग्रामसभा, सगळं मीच सांगितलं. "भोंग्यावर सांगतलं म्हणजे खरंच रायते," असं लोक म्हणायचे, आणि मी फुगायचो. मग घरोघरी मोबाईल आले. माझ्या तोंडात चिमण्यांनी काड्या भरल्या, त्या काढायलाही कोणी चढलं नाही.

छपरावरून मला शाळेचा व्हरांडा दिसतो. तिथे रुख्माबाई मुलांचं जेवण शिजवते. दसऱ्याच्या आधी भैयाजी नावाच्या शेतकऱ्याने हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाचे नवे तांदूळ शाळेला दिले. आता आमच्या गावातल्या गोंड घरांत नवं धान आधी देवाला दाखवतात. त्या पूजेला नवाखाई म्हणतात, आणि ती होईपर्यंत नव्या तांदळाचा दाणाही कोणी तोंडात घालत नाही. सहा मुलांच्या घरची नवाखाई व्हायची होती. म्हणून रुख्माबाईने त्यांच्यासाठी जुन्या तांदळाचा भात दुसऱ्या गंजात शिजवला. वाढताना सरमिसळ नको म्हणून त्यांची पंगतही वेगळी बसवली. मुलं खुशाल जेवली, मी वरून पाहिलं.

कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आदिवासी लेकरांना वेगळी पंगत.' आमगावला कामावर गेलेल्या लखनने तो मोबाईलवर पाहिला. त्याची पोरगी त्याच पंगतीत होती. तो तडक सरपंच गजेंद्रभाऊंकडे आला.

"माह्या लहानपणी मले खरंच पायरीखाली बसवून वाढत, भाऊ. आता माह्या पोरीलेबी तसंच?" त्याचं दुःख खोटं नव्हतं, मित्रांनो.

गजेंद्रभाऊंना राग आला, आणि तो यायलाच हवा होता. पण शाळा हाकेच्या अंतरावर होती. त्यांनी ना रुख्माबाईला विचारलं, ना मुलांना. थेट माझं बटण दाबलं.

"रुख्माबाईनं आदिवासी लेकरायचा अपमान केला आहे. उद्यापासून तिनं शाळेत येऊ नये."

हे मी ओरडलो. मी! खाली रुख्माबाई भात वाढत होती. तिने आपलं नाव ऐकलं, गंज खाली ठेवला आणि डोक्यावर पदर ओढून घरी गेली.

तिसऱ्या दिवशी लखनचा म्हातारा बाप जंगलू लेकीकडून परतला आणि पंचायतीत येऊन कडाडला. "मीच सांगतलो होतो तिले, नवाखाई होतपर्यंत लेकरायले जुना तांदूळ दे म्हणून. तिनं आमचा देव पाळला, अन् तुमी तिलेच हाकललं? काऊन?" आमगावला असलेल्या लखनला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

उपसरपंच प्रफुल म्हणाला, "लखनवरच कारवाई करा. यायच्या तक्रारी अशाच राहतात." दुसरा म्हणाला, "जाऊ द्या ना, लोक भुलून जातीन. गुपचूप बोलवा तिले." गजेंद्रभाऊंनी माईक उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. वर माझा जीव टांगणीला लागला होता. एवढ्यात रुख्माबाईचा निरोप आला, "भोंग्यावर काढलं, तं भोंग्यावरच बोलवा. नाही तं मी येत नाही."

मग गजेंद्रभाऊ बोलले. "रुख्माबाईची काहीच चूक नव्हती. मी न विचारता बोललो, चूक माही आहे. लखननं तक्रार आणली, ते बरोबरच केलं. पुढंही कोणी आणा, मी ऐकीन, पण आधी विचारीन. खरी निघाली तं याच भोंग्यावर सांगीन." हे त्यांनी तीनदा म्हटलं. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो.

पण फोटो माझ्यापेक्षा लांब गेला होता. चिचगडला रुख्माबाईची लेक दामिनी दिली आहे. तिथे सासरचे तिला टोमणे मारत होते. तेव्हा गजेंद्रभाऊ आणि लखन एकाच मोटारसायकलवर चिचगडला गेले आणि तिच्या अंगणात उभं राहून सगळं खरं सांगून आले.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी सरपंच होईल, कोणी मुख्याध्यापक. अपमानाची तक्रार घेऊन कोणी आलं तर त्याला परत पाठवू नका. पण ज्याच्यावर बोट आहे, त्यालाही विचारा. चुकलात, तर जितक्या मोठ्याने चुकलात तितक्याच मोठ्याने कबूल करा.

सोमवारी रुख्माबाई कामावर आली. सगळे तिच्याशी गोड बोलतात. पण आजही मी सुरू होताना खरखरलो, की तिचा वाढता हात थांबतो. घोषणा असते गुरांच्या लसीची. ती शेवटपर्यंत ऐकते, आणि मगच पुढच्या मुलाच्या ताटात भात वाढते.