यंत्राखालची फळी

साळूबाईनं जळक्या लोकरीचा लगदा पायानं कॉटखाली सारला आणि पदर नीट केला. विम्याचा साहेब फाटकाशी बुटाची राख झटकत होता. करपलेला वास मात्र कशाखालीच सारता येत नव्हता.

"ध्यानात हाय न्हवं?" तिचा नवरा मानसिंग हळूच म्हणाला. "छंद. रिकाम्या येळंत इणती, एवढंच सांगायचं."

"आवं, तीन वर्सं तुमी सगळ्यांस्नी त्येच सांगताय. मला काय शिकवायचं ऱ्हायलंय?"

मानसिंग फौजेतनं हवालदार होऊन आलेला गडी. पासष्टच्या लढाईत उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेलेली. उरलेल्या बोटांनी मिशी पिळायचा.

पठाणकोटच्या थंडीत, फौजी क्वार्टरात, शेजारच्या सरदारणीनं साळूबाईच्या हातात सुया दिल्या तेव्हा तो छंदच होता. चौऱ्याहत्तरला विश्रामबागेत घर बांधलं, तिनं लुधियानाहून विणायचं यंत्र मागवलं, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात दोन शाळांची पोरं तिचेच स्वेटर घालून प्रार्थनेला उभी राहू लागली. नुसत्या पेन्शनीत घर चालत नव्हतं, हे आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तरी तालमीच्या कट्ट्यावर कुणी विचारलं की मानसिंग म्हणायचा, "बायकूचा नाद हाय गड्या, बसल्या बसल्या." बायकोच्या कष्टाचं खाणारे पुरुष असेच. घास गिळताना लाज वाटत नाही, सांगताना वाटते.

पावसाळ्यात ती म्हणाली होती, "घराचा इमा हाय, तसा ह्या कामाचाबी काढा की."

तो पोट धरून हसला होता. "बायकांच्या नादाचा इमा? उद्या भाकरीचा काढ म्हणशील."

परवा तयार स्वेटरांवर इस्त्री फिरवताना कोळशाची ठिणगी लोकरीत पडली. बाजूची खोली गेली, वरचं छप्पर गेलं. मानसिंगनं धुरात घुसून यंत्र तेवढं बाहेर ओढलं.

साहेब आत आला, कॉटवर टेकला. चहा नको म्हणाला आणि कागद काढला.

"हवालदार, सरळ सांगतो. तुमचा विमा राहत्या घराचा. घरात धंदा असेल तर आधी कळवायचा, त्याचा हप्ता वेगळा. न कळवता चालवला असेल, तर लोकर सोडाच, छपराचेसुद्धा पैसे मिळणार नाहीत."

साळूबाईनं चौकट धरली. लोकर गेली हे तिनं दोन दिवसांत कसंबसं गिळलं होतं. पण छप्परसुद्धा? ज्या कामानं घर चाललं, त्याच कामानं ते उघडं पडायचं? बाजूच्या खोलीतून आभाळ दिसत होतं. ती बघत राहिली.

"धंदा कुठला सायब," मानसिंग हसला. "छंद हाय तिचा."

"बाई, तुम्ही सांगा."

तिनं आभाळावरची नजर काढली.

"छंद," ती म्हणाली.

साहेबानं लिहिलं. "यंत्राचा नंबर तेवढा घेतो." त्यानं यंत्र आडवं केलं आणि हात तसाच थांबला.

खालच्या लाकडी फळीला धग लागली नव्हती. नंबराच्या पत्र्याशेजारी हळदीची बोटं उमटली होती. मध्ये कुंकू, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

"खंडेनवमी," साहेब म्हणाला. "माझा बाप सुतार. पटाशीला असंच लावायचा." मग म्हणाला, "छंदाची पूजा कुणी करत नाही, हवालदार."

साळूबाईला काही सुधरेना. हे तिनं केलं नव्हतं. खंडेनवमीला ती कडेगावला होती, आजारी आईपाशी. ती वाकली. हळदीची चार बोटं सबंध होती. अंगठ्याशेजारचं अर्ध्यातच संपलं होतं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मानसिंगनं उजवा हात पाठीमागं नेला.

साहेबानं यंत्र हलकेच सरळ ठेवलं. "चहा घेईन म्हणतो," तो उठत म्हणाला. "बाहेर पायरीवर बसतो. नंबर मग येऊन बघू."

तो गेल्यावर मानसिंगनं न्हाणीतलं ओलं फडकं आणलं आणि तिच्यापुढं धरलं.

"पूस."

"तुमी लावलंय. तुमीच पुसा."

तो उकिडवा बसला. यंत्र आडवं केलं. फडकं फळीजवळ नेलं आणि तिथंच धरून राहिला. पाणी थेंब थेंब त्याच्या गुडघ्यावर गळत होतं. साळूबाईनं चुलीवर आधण ठेवलं, साखर टाकली, आणि मागं वळून बघितलं नाही.

चहा उकळून वर आला.

"हवालदार, येऊ का?" बाहेरून आवाज आला.

मानसिंगनं फडकं पिळलं, त्याची घडी घातली, न्हाणीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

"या सायब," तो म्हणाला. यंत्र त्यानं आडवंच राहू दिलं; फळीवरची हळद तशीच होती.