तेर रूजच्या घरातली पाटी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावात मी शिकवते त्या शाळेत कुणालाही विचारा. त्या रागाचं मला कौतुकच वाटायचं. अन्याय दिसला की ही विमला गप्प बसत नाही, असं मी चारचौघांत ऐटीत सांगत असे. आता सांगत नाही.

देवराज माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांचा असताना त्याचा ताप डोक्यात गेला. शरीर वाढलं, बुद्धी तिथंच कुठंतरी थांबली. एकसष्ट साली आई गेली तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मी त्याला माझ्या घरी आणलं, पण मी शाळेत, माझे यजमान राधाकृष्ण सरकारी कचेरीत, आणि हा दिवसभर एकटा. एकदा मी यायच्या वेळी चहा तयार असावा म्हणून त्याने स्टोव्ह पेटवला आणि खिडकीचा पडदा जाळून ठेवला. पुढच्याच महिन्यात मी त्याला तेर रूजला नेऊन ठेवलं. आमच्या मराठी मंडळींची संस्था तिथं एक घर चालवायची. ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशी पाच मोठी माणसं, आणि त्यांच्यासोबत राहणारी एक बाई. 'सांभाळणारं कुणी नाही' असं छापलेल्या कागदावर मी, त्याची सख्खी बहीण, सही करून आले.

स्वतः सांभाळू शकले नाही म्हणून असेल, पण दुसऱ्यांनी कसं सांभाळावं याबाबतीत मी भलतीच कडक झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन बस बदलून मी तिथं जायची. चादरी उलटून बघायची, भांड्यांवरून बोट फिरवायची. तिथं राहून सगळ्यांचं करणाऱ्या पुष्पावतीबाई पेती राफ्रे गावच्या. पन्नाशीच्या, विधवा, आवाज मोठा. मी आले की त्या कंबरेवर हात ठेवून बघत राहायच्या. मला ते मुळीच आवडत नसे.

त्रेसष्टच्या जुलैत एका बुधवारी शाळेला सुट्टी मिळाली आणि मी न कळवता गेले. बारीक पाऊस होता. मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली पाटा होता आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून देवराज मसाला वाटत होता. अंगावर पावसासाठी गोणपाट पांघरलेलं. घाम नाकावरून टपकत होता. शेजारी त्याच घरात राहणारे आंधळे गोवर्धनकाका वाटाणे सोलत बसले होते.

ते गोणपाट दिसलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा आजा या बेटावर उसात राबायला आला तो जन्मभर गोणपाट पांघरून राबला. वडील कारकून झाले त्या दिवशी त्यांनी आज्याचं ते गोणपाट अंगणात जाळलं आणि आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं, "आपल्या घरातला कुणी परत हे अंगावर घेणार नाही." देवराजला त्यातलं काय समजलं असेल देव जाणे. मला समजलं होतं, आणि पुरेपूर समजलं होतं.

"बाय!" मला बघून तो उठला. वाटलेला मसाला बोटावर घेऊन त्याने माझ्या नाकासमोर धरला. "मो मेम, बाय! मो मेम!" इथल्या बोलीत म्हणजे मीच, माझ्याच हातानं. लहानपणी बुटाची नाडी पहिल्यांदा बांधली तेव्हाही तो असाच ओरडला होता.

मी त्याचा हात बाजूला सारला. "पुष्पावतीबाई, माझ्या भावाला मजूर केलंत?"

"मी नाय लावला, मिस," त्या दारातूनच म्हणाल्या. "तो आपला आपण बसला. त्याला हात हाय. ते हात मी कुठं ठेवू?"

"तुमचं काम त्याच्याकडून करून घेता आणि वर तोंड करून बोलता!"

"मी वाटला तर लवकर व्हईल, मिस. तो वाटतो तर मला दोन घंटा बसावा लागतो त्याच्याजवळ."

हे वाक्य मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं. पण मी तेव्हा रागात होते आणि मला माझा राग फार प्यारा होता. तिथंच देवराजच्या देखत ओसरीवर बसून मी संस्थेच्या चिटणीसांना, सत्यदेवजींना, चार पानी पत्र लिहिलं. शाळेत फळ्यावर लिहिते तशा घोटीव अक्षरात. देवराज शेजारी उभा राहून लेखणीकडे बघत होता.

पुढच्या महिन्याच्या रविवारी गेले तेव्हा पुष्पावतीबाईंना कामावरून काढलेलं होतं. स्वयंपाकघरात चौकटीत बसवलेली पाटी टांगली होती: 'येथे राहणाऱ्यांकडून कोणतेही काम करून घेतले जाऊ नये.' वाक्य माझ्या पत्रातलंच होतं. सत्यदेवजींनी माझं अभिनंदन केलं. नवी बाई, कुंती, तिशीची, अबोल आणि चपळ. घर आरशासारखं लख्ख झालं. देवराजचा सदरा इस्त्रीचा, केसांना तेल, पोट थोडं सुटलेलं. ओसरीच्या बाकावर तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेला असायचा. थंडी वाजत असेल, असं मला वाटलं. भेटींच्या वहीत मी आठ महिने ओळीनं 'उत्तम' लिहिलं.

नवव्या महिन्यात कुंती त्याला चहा देत होती. देत होती म्हणजे पेला त्याच्या ओठांना लावून पाजत होती. मग तिने त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं. तो समोर बघत राहिला. बटण तो सात वर्षांचा असल्यापासून स्वतः लावायचा. मी आणि आईनं एक अख्खा पावसाळा त्याला शिकवण्यात घालवला होता.

"कुंती! पांगळा करून टाकलास त्याला तू!"

"मी रोज सांगते, मिस. बटण लाव, पेला घे. आयकत नाय. हातात दिला तर हात मागं घेतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी पाटी लावली. मी काय करू?"

मला उलट उत्तर आवडत नाही. मी पर्समधून कागद काढला, बाकावर बसले आणि लिहायला लागले. 'सदर बाई...' इतकंच लिहून झालं असेल.

देवराज उठला. आठ महिन्यांत आपणहून उठलेला मी त्याला पाहिला नव्हता. मांडीखालून सुटलेला हात त्याने पुढे केला आणि पंजा उघडून माझ्या कागदावर ठेवला. हात मऊ पडला होता, एखाद्या साहेबाच्या हातासारखा.

"लिवू नको, बाय," तो म्हणाला. "मी काय पण केला नाय. हात नाय लावला. कुंतीला ठेव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला बसल्या जागी रडू फुटलं. त्याने काम केलं, बायने कागद लिहिला, पुष्पावतीबाई गेल्या. इतका साधा हिशेब माझ्या भावाने बरोबर मांडला होता. कुंती राहावी म्हणून तो आठ महिने स्वतःच्या हातांवर बसून होता. त्या घरात एकच माणूस दुसऱ्याची काळजी घेत होता आणि त्याला मी 'सांभाळणारं कुणी नाही' म्हणून तिथं ठेवलं होतं.

मी कागद फाडला. स्वयंपाकघरात जाऊन पाटी उतरवली आणि त्याच्यासमोर उलटी ठेवली. गोवर्धनकाकांच्या पुढ्यात कुंतीने वाटाणे आणून ठेवले, तशी त्यांची बोटं लगेच शेंगांवर गेली. मी देवराजचा हात धरून त्याला पाट्यापाशी नेलं. धणे, हळद, मिरच्या, सगळं मांडलं. वरवंटा त्याच्या हातात दिला. तो आधी वरवंट्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या पर्सकडे बघितलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुझी बस कदी, बाय?"

माझ्या बसला दोन तास होते. "आताच," मी म्हणाले.

फाटकाबाहेर कुंपणाला टेकून मी उभी राहिले. आतून कुंतीचा आवाज आला, "गेली मिस." मी बस येईपर्यंत कान देऊन उभी होते. पाटा वाजला नाही.