काजऱ्याचं विष

जर्मन लढाई पेटली त्या सालची ही गोष्ट. परंदवडीच्या कादरची दुसरी शेळी बिबट्यानं मारली, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. अर्धी खाल्लेली शेळी ओढ्याच्या काठी पडली होती. उरलेली खायला जनावर परत येणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काजऱ्याच्या बिया कुटून उकळल्या आणि तो विषारी लगदा मढ्याच्या मांसात कोंबला.

सकाळी उन्हं वर आल्यावर जाऊन बघतो तर बिबट्या फिरकलाच नव्हता. मढ्याशेजारी एक कोल्हा पडला होता, चारी पाय काठीसारखे ताठ, दात विचकलेले. थोडं पुढं शेजारच्या दत्तोबाचा कुत्रा धनुष्यासारखा वाकून मेला होता. बाभळीवर कावळ्यांचा कालवा चालला होता. त्यातला एक चोचीत आतड्याचा तुकडा घेऊन उडाला, तो थेट गावाकडं.

मढं एकच, पण त्याला खाणारी तोंडं किती! आणि त्या तोंडांना खाणारी आणखी किती? कादर पळतच सुटला.

घरी शमीम जेवत बसली होती. सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक.

“काय रांधलंय?” कादरनं दारातूनच विचारलं.

“कोंबडी,” त्याची बायको जैतुनबी म्हणाली. “पोरीला लय दिस खावीशी वाटत व्हती. फटफटतानाच एका कावळ्यानं अंगणात आतडं टाकलं, त्याच्यावर समद्या कोंबड्या तुटून पडल्या. तवाच ही हाताला लागली.”

कादरनं ताटली उडवून दिली. “किती खाल्लंस?”

“कलेजी तेवढी खाल्ली, अब्बा. काय झालं?”

त्यानं सांगितलं. जैतुनबीनं कपाळावर हात मारला, मग मिठाचं पाणी पाजून लेकीला ओकायला लावलं. काजऱ्यानं आधी जबडा आवळतो, असं कादरनं ऐकलं होतं. तो घटकाघटकेला म्हणायचा, “तोंड उघड, बाय.” ती उघडायची. भीतीनं तिचं अंग थरथरलं की तो पुन्हा तिचा जबडा चाचपायचा.

“पोटातलं हलतंय का गं?” आई विचारी.

“हलतंय.”

उन्हं कलली तेव्हा शमीमनं भाकरी मागितली. जैतुनबी पदरात तोंड घालून रडली.

कादर कुदळ घेऊन दत्तोबाकडं गेला. “तुमचा कुत्रा माज्या विषानं गेला, भाऊ.”

दत्तोबानं त्याच्या हातातली कुदळ घेतली. मग म्हणाला, “आदी चल. वर बघ.”

ओढ्यावर गिधाडं घिरट्या घालत उतरत होती. कादर मढ्यापाशी उभा राहून ढेकळं फेकत, ओरडत राहिला. दत्तोबा एकटाच खड्डा खणत होता. मढं, कोल्हा, कुत्रा, सगळं त्यांनी आत लोटलं आणि वर दगड रचले.

दुसऱ्या दिवशी त्या दगडांभोवतीच्या ओल्या मातीत बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले. कादर तिथं थांबला नाही. घरी येऊन त्यानं उरलेल्या शेळ्या चुलीशेजारी बांधायला खुंट ठोकले.